डिस्क भरली होती आणि यादी म्हणत होती ९ टक्के

(या भागाचा लेखी उतारा. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ झालं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. कमांड ऐकून टाइप करता याव्यात म्हणून मी त्या बोलतो तशाच इथे लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. डीएफ म्हणजे डी आणि एफ, दोनच अक्षरं.)

मी चिखल्यावरून बोलतोय. चिखला म्हणजे भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. आमच्या गावाचं नाव बाहेर कुणाला माहीत असलंच तर ते मॅंगनीजच्या खाणीमुळे. शेजारी डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे, आमच्याकडे जमिनीखालची. दोन्ही मॉइलच्या.

आजचा विषय आहे कमांड लाइन. लगेच पुढे ढकलू नका. यात माझं एक रेकॉर्डिंग गेलंय, आणि ते परत आलं नाही.

झालं काय ते आधी सांगतो

माझी आजी तरुणपणी खाणीवर दगड निवडायच्या कामाला जायची. खालून जो माल वर यायचा त्यातून चांगला दगड एकीकडे, फुकटचा दगड एकीकडे. आता ती फार बोलत नाही, पण गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिची कळी खुलली. मी पटकन माइक लावला. माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू. तिचं लक्ष स्क्रीनकडे जाऊ नये म्हणून मी स्क्रीन भिंतीकडे वळवून ठेवली.

ती पाऊण तास बोलली. कामाच्या सुट्टीत बाया काय खायच्या, कुणाची कशी थट्टा करायच्या, आणि मधेच निवडताना म्हणायचं एक गाणं. ते गाणं मी तोवर तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

स्क्रीन फिरवली तर रेकॉर्डिंग नऊ मिनिटांवर थांबलेलं. डिस्क भरली होती. चेतावणी येऊन गेली होती, पण ती भिंतीनं वाचली.

आता तुम्ही म्हणाल, आधी जागा तपासायची ना. तपासली होती! त्याच सकाळी. मी स्वतः लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट होती, ती रोज सांगायची की सगळ्यात जास्त भरलेला कप्पा कोणता. त्या सकाळी तिनं सांगितलं, ९ टक्के. रोजच ९ टक्के सांगायची. मी निवांत.

खरं तर त्याच यादीत १०० टक्के भरलेला कप्पा होता. मग स्क्रिप्ट ९ का म्हणाली? तेच आज उलगडू.

कप्पे आणि त्यांची यादी

लिनक्समध्ये विंडोजसारखे सी, डी असे वेगळे ड्राइव्ह दिसत नाहीत. सगळं एकाच झाडात असतं. झाडाचं मूळ म्हणजे नुसती तिरकी रेघ, /. प्रत्येक डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड या झाडाच्या कुठल्यातरी फांदीला जोडतात. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. जे जोडलं जातं ती फाइलसिस्टिम. मी सोयीसाठी तिला कप्पा म्हणेन.

कोणते कप्पे जोडलेत आणि कोणात किती जागा उरली, हे डीएफ सांगते. जुनी कमांड आहे. १९७१ साली युनिक्सची पहिली पुस्तिका आली, तिच्यात डीएफ होती आणि सॉर्टही होती. एकीचा निकाल थेट दुसरीच्या हातात देणारी उभी रेघ, म्हणजे पाइप, १९७३ मध्ये आली. हे सांगायचं कारण असं की डीएफ स्वतः काहीच लावून देत नाही. कप्पे कर्नलच्या नोंदीत ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं ती ओळी छापते. क्रम लावणं हे सॉर्टचं काम. प्रत्येकीनं आपापलं एक काम करायचं, अशी त्या लोकांची रीत होती.

टर्मिनल उघडून हे टाइप करा:

डीएफ -पी

सहा रकाने दिसतील. पहिला उपकरणाचा, मग एकूण जागा, वापरलेली, उरलेली, पाचवा टक्के, आणि सहावा म्हणजे कप्पा झाडाला कुठे जोडलाय ते ठिकाण. ‘-पी’ लावायचं कारण, जुन्या सिस्टिमवर उपकरणाचं नाव लांब असलं की एकाच कप्प्याची ओळ तुटून दोन ओळी व्हायच्या. मग सॉर्टला त्या दोन वेगळ्या ओळी वाटायच्या आणि सगळा घोळ. ‘-पी’ असलं की एक कप्पा, एक ओळ.

माझी चूक कुठे होती

माझी स्क्रिप्ट अशी होती: डीएफची यादी घ्यायची, मथळ्याची ओळ सोडायची, फक्त टक्के आणि ठिकाण हे दोन रकाने ठेवायचे, ते सॉर्टला द्यायचे, आणि टेलनं शेवटची ओळ उचलायची. सॉर्ट लहानापासून मोठ्याकडे लावते, म्हणजे शेवटी सगळ्यात मोठा. बरोबर वाटतं ना?

त्या दिवशी माझ्याकडे चार कप्पे महत्त्वाचे होते. /बूट/ईएफआय ९ टक्के, मूळ / ४१ टक्के, बाहेरची हार्ड डिस्क ६३ टक्के, आणि /होम १०० टक्के. सॉर्टनं लावलेला क्रम असा:

१००% /होम
४१% /
६३% /मीडिया
९% /बूट/ईएफआय

शेवटची ओळ, ९ टक्के. घ्या!

सॉर्टला आपण वेगळं सांगितलं नाही तर ती आकडे वाचत नाही, अक्षरं वाचते. शब्दकोशात जसं आधी पहिलं अक्षर बघतात तसं. ‘१००’चं पहिलं अक्षर १, ‘९’चं पहिलं अक्षर ९. एक आधी, नऊ नंतर. विषय संपला. शंभरमध्ये पुढे दोन शून्यं आहेत हे बघायची वेळच येत नाही.

आणि ही चूक रोज दिसत नाही, ही खरी गंमत. सगळे कप्पे दोन अंकी असतील, ४१, ६३, ८२, तर अक्षरांनी लावलं काय आणि आकड्यांनी लावलं काय, क्रम तोच. एक अंकी किंवा तीन अंकी आकडा यादीत आला की गडबड. माझ्याकडे ९ टक्क्यांचा एक कप्पा पहिल्या दिवसापासून होता. म्हणजे स्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून चुकीचं सांगत होती, आणि मी तिचं उत्तर रोज वाचून खूश होत होतो. इतके महिने एकच आकडा कसा येतो, हा प्रश्न पडायला हवा होता. नाही पडला.

दुरुस्ती एका अक्षराची

डीएफ -पी | सॉर्ट -के५ -एनआर

‘-के५’ म्हणजे पाचवा रकाना बघ. ‘-एन’ म्हणजे त्याला आकडा समज. ‘आर’ म्हणजे उलट लाव, मोठा वर. आता १०० सगळ्यात वर येतो. टक्क्याचं चिन्ह आडवं येत नाही, कारण ‘-एन’ असताना सॉर्ट आकडा संपेपर्यंतच वाचते.

मथळ्याच्या ओळीचं काय होतं? तिच्या पाचव्या रकान्यात आकडा नाही, शब्द आहे. सॉर्ट तिला शून्य धरते. म्हणून या कमांडमध्ये मथळा खाली जाऊन बसतो. बघून दचकू नका, काही बिघडलेलं नाही.

एक बारीक गोष्ट. पेन ड्राइव्हचं नाव ‘माझे फोटो’ असं मधे जागा सोडून ठेवलेलं असलं तर ते नाव सहाव्या रकान्यात येतं, म्हणजे पाचव्याच्या नंतर. त्यामुळे टक्क्यांवर लावताना अडचण नाही. पण सहावा रकाना वेगळा काढायला गेलात तर नुसतं ‘माझे’ हातात येईल आणि ‘फोटो’ मागे राहील.

जीबी आणि एमबी एकत्र आले की

डीएफ -पी मोठमोठे आकडे देते, वाचताना डोळे फिरतात. म्हणून आपण बहुतेक वेळा डीएफ -एच वापरतो. ती ५२एम, २जी, १.८टी असं माणसाला समजेल असं लिहिते. पण आता उरलेल्या जागेवर, म्हणजे चौथ्या रकान्यावर ‘-एन’नं लावून बघा. ९००एम हे २जीपेक्षा मोठं ठरेल, कारण ‘-एन’ला ९०० दिसतं आणि २ दिसतं. मागचं अक्षर ती बघतच नाही. बाजारात कुणी ९०० ग्रॅम आणि २ किलोची तुलना करताना नुसते ९०० आणि २ बघितले तर कसं होईल, तसं.

यासाठी सॉर्टला वेगळा पर्याय आहे, तोही ‘-एच’च. तो के, एम, जी, टी या अक्षरांचा मान ओळखतो. ग्नूच्या सॉर्टमध्ये तो २००९ मध्ये आला. म्हणजे:

डीएफ -एच | सॉर्ट -के४ -एच

सगळ्यात कमी जागा उरलेला कप्पा वरच्या ओळींत. लक्षात ठेवायला सोपं: डीएफला ‘-एच’ दिलं तर सॉर्टलाही ‘-एच’ द्यायचं.

खोटे शंभर

मी स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, १०० टक्के भरलाय! जागा तर मी रात्रीच रिकामी केली होती. बघतो तर काय, उबुंटूत स्नॅप नावाचे पॅकेज असतात, आणि प्रत्येक स्नॅप स्वतःचा एक छोटा कप्पा जोडतो. तो दाबून बंद केलेल्या डब्यासारखा असतो. त्यात नवीन काही लिहायचंच नसतं, म्हणून तो जन्मापासून १०० टक्के भरलेला. असे कितीतरी. ते यादीच्या डोक्यावर बसतात आणि खरा भरलेला कप्पा त्या गर्दीत हरवतो.

रोज उगाच ओरडणारी स्क्रिप्ट रोज गप्प राहणाऱ्या स्क्रिप्टइतकीच निरुपयोगी. चार दिवसांत आपण तिच्याकडे बघणं सोडतो. म्हणून असे कप्पे आधीच बाहेर काढायचे:

डीएफ -एच -एक्स स्क्वॉशएफएस -एक्स टीएमपीएफएस -एक्स डेव्हटीएमपीएफएस | सॉर्ट -के४ -एच

‘-एक्स’ म्हणजे या प्रकारचे वगळ. स्क्वॉशएफएस हे स्नॅपचे डबे. टीएमपीएफएस हे मेमरीतले तात्पुरते कप्पे, मशीन बंद केली की रिकामे होणारे. डेव्हटीएमपीएफएस हा उपकरणांच्या नोंदींचा. आपली रेकॉर्डिंग यातल्या कशातच नसते.

टक्के बघायचे की उरलेली जागा?

इथे मी सगळ्यात जास्त शिकलो. एक टीबीची डिस्क ९५ टक्के भरली तरी जवळपास ५० जीबी शिल्लक असते. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह ६० टक्केच भरला तरी त्यात १३ जीबीसुद्धा नसते. टक्क्यांवर लावलं तर डिस्क धोक्यात दिसते. जागेवर लावलं तर पेन ड्राइव्ह.

रेकॉर्डिंगला टक्के कळत नाहीत, तिला जागा लागते. हिशोब सोपा आहे. मी सेकंदाला ४८,००० नमुने, १६ बिट, एकाच बाजूचा आवाज असं न दाबता रेकॉर्ड करतो. १६ बिट म्हणजे २ बाइट. ४८,००० गुणिले २, सेकंदाला ९६,००० बाइट. मिनिटाला साधारण पावणेसहा एमबी, तासाला ३४६ एमबीच्या आसपास. त्या दुपारी /होममध्ये ५२ एमबी उरले होते. भागाकार करा. नऊ मिनिटं. आजी नेमकी तेवढीच सापडली.

‘१०० टक्के भरला होता तर ५२ एमबी कुठून आले?’ हा प्रश्न बरोबर आहे. डीएफ टक्के काढताना अपूर्णांक वरच्या बाजूला पूर्ण करते. ९९.१ असलं तरी १०० दाखवते. आणखी एक: उबुंटूत बहुतेक ठिकाणी जी ईएक्सटी४ फाइलसिस्टिम असते, ती सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे वापरलेली आणि उरलेली यांची बेरीज एकूण जागेइतकी येत नाही. कुणी चोरलेलं नसतं ते.

भरलेला कप्पा सापडला, आता तो भरला कुणी ते बघायला:

डीयू -एक्सएच -डी१ /होम | सॉर्ट -एच

सगळ्यात जड फोल्डर शेवटच्या ओळींत येतो. माझ्याकडे तो जुन्या भागांच्या कच्च्या फाइलींचा निघाला. प्रत्येकीच्या तीन तीन प्रती. दोष दुसऱ्या कुणाला देणार?

आणि तुमच्या फोनवर

अँड्रॉइडच्या आत लिनक्सचाच कर्नल आहे. टर्मक्स नावाचं ॲप घेतलंत तर डीएफ आणि सॉर्ट फोनवरही चालतात. नुसतं डीएफ -एच दिलं तर लांबलचक यादी येते, आणि काही ठिकाणी परवानगी नाही असा शेरा येऊ शकतो. चालायचंच. त्या यादीत सिस्टिमचे, फक्त वाचण्यासाठीचे बरेच कप्पे १०० किंवा त्याच्या जवळ भरलेले दिसतील. उबुंटूच्या स्नॅपसारखंच, ते तसेच असतात. घाबरून काही उडवायला जाऊ नका.

आपल्या कामाच्या दोन ओळी: /डेटा, आणि /स्टोरेज/इम्युलेटेड. दोन्हींचे आकडे सारखेच दिसतील. एकाच खोलीला दोन दारं आहेत असं समजा. तुमचे फोटो, गाणी ज्या इम्युलेटेडमध्ये दिसतात, ते खरं तर /डेटाच्याच आत असतात. म्हणून ‘इथे २० जीबी आणि तिथे २० जीबी, म्हणजे ४०’ अशी बेरीज करू नका. २०च आहेत.

जागेऐवजी नावाप्रमाणे

कधीकधी जागा बघायची नसते, कुठे काय जोडलंय एवढंच बघायचं असतं. तेव्हा:

माउंट | सॉर्ट -के३,३

माउंटच्या ओळीत तिसरा शब्द म्हणजे ठिकाण. इथे आकडे नाहीत, म्हणून अक्षरांनीच लावायचं, आणि तेच बरोबर. /बूटच्या नंतर /बूट/ईएफआय येतं, आई आधी, लेकरू नंतर. हेच झाडासारखं चित्र काढून हवं असेल तर फाइंडएमएनटी ही कमांड आहे. तिला सॉर्टची गरज नाही.

शेवटचं

रेकॉर्डिंग गेल्यावर मी आजीला सांगितलं. संगणकाला भरलेला डबा कळला नाही, नुसता आकड्याचा चेहरा बघितला त्यानं. तिला काय कळलं देव जाणे, पण ती हसली. म्हणाली, नवीन पोरी कामाला यायच्या तेव्हा तशाच करायच्या. काळा दिसला की टाक टोपलीत. काळे तर पुष्कळ दगड असतात. चांगला दगड हातात घेतला की कळतो, तेवढ्याच आकाराचा असून जड लागतो. “काहून रंगावर जातेस, उचलून पाय ना,” असं तिला पहिल्या दिवशी एका म्हातारीनं सांगितलं होतं.

सॉर्टचा ‘-एन’ मला त्या दिवसापासून असाच लक्षात राहिला. तो दिला की सॉर्ट आकडा उचलून बघते.

हे तिचं बोलणं मी रेकॉर्ड केलंय. या वेळी आधी जागा बघून, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून. ते नऊ मिनिटांचं तुकडं आणि हे नवं, दोन्ही मिळून एक भाग होईल, पुढच्या वेळी ऐकवीन. गाणं मात्र त्यात नाही. मी दोनदा विचारलं. “सांगतलं ना बापा एक डाव,” म्हणाली, आणि विषय बदलला.

तुमच्याकडे असं काही जपायचं असेल, कुणाचा आवाज, कुणाचे फोटो, तर आज रात्री एकदा यादी लावून बघा. आणि तुमची एखादी स्क्रिप्ट रोज एकच गोड उत्तर देत असेल तर तिला मुद्दाम एक १०० आणि एक ९ खाऊ घाला, काय म्हणते ते बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.